स्प्लेंडरला कॉम्प्युटर बसवायचाय, कुठला बोर्ड घेऊ?

तुमची २०१४ ची किकवाली स्प्लेंडर आहे. तिच्यावर स्पीड, इंजिनचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज आणि जीपीएस दाखवणारा छोटा कॉम्प्युटर बसवायचाय, रास्पबेरी पाय घेऊ की अर्डुइनो, खर्च किती येईल, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "जमलं तर मोबाईलवरून इंजिन लॉक करायची सोयही करायची आहे." ते वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

बोर्डाचं आधी उरकतो. दोन्ही नको, ईएसपी३२ घ्या, अर्डुइनोसारखाच छोटा बोर्ड, पण वायफाय असलेला. रास्पबेरी पाय टेबलावर कितीही छान चालला तरी किकवाल्या गाडीवर त्याचं काम नाही. रास्पबेरी पाय ४ साठी बनवणारेच ५ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय लावा म्हणतात, म्हणजे १५ वॅट. तेवढे सतत लागत नाहीत, पण स्क्रीन धरून आठ-दहा वॅट कुठे गेले नाहीत. म्हणजे बॅटरीतून पाऊण ते एक अँपिअर, आणि तुमची बॅटरी जेमतेम अडीच-तीन अँपिअर-अवरची. शिवाय चावी बंद केली की वीज झटक्यात जाते, आणि त्याच क्षणी एसडी कार्डवर काही लिहिणं चालू असेल तर कार्ड खराब होतं. ईएसपी३२ वायफाय बंद ठेवून चालवला तर शंभर मिलिअँपिअरसुद्धा घेत नाही आणि चावी फिरवल्यावर लगेच जागा होतो.

आता लॉक. ते बसवू नका. का, ते सविस्तर सांगतो.

आमची २००८ ची हिरो होंडा स्प्लेंडर अप्पांच्या नावावर होती. अप्पा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जॉबर. जकार्डचे माग लावणं, बिघडले की उघडणं, पुठ्ठ्यांची माळ अडकली की सोडवणं, यात त्यांची तीस वर्षं गेली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उठते हे मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभा राहून बघितलंय. भोक असलं तर सुई एक काम करते, नसलं तर दुसरं. पुढे कॉलेजात शून्य आणि एक शिकवलं तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

२०१६ साली मी त्या गाडीवर मीटर बनवला. ईएसपी३२ तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हता, म्हणून नोडएमसीयू हा तसाच वायफायवाला बोर्ड घेतला. पुढच्या चाकाच्या स्पोकला एक चुंबक, फोर्कला ए३१४४ हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळून गेलं की बोर्डाला एक पल्स देणारा. चाकाचा घेर मोजायला टायरवर खडूची खूण केली आणि अप्पांना गाडीवर बसवून अंगणात एक फेरी ढकलली. माणूस बसल्यावर टायर दबतो आणि घेर थोडा कमी होतो, म्हणून रिकामी गाडी ढकलून मोजू नका. घेर साधारण १.९ मीटर धरला तर ताशी ६० ला चाक सेकंदाला पावणेनऊ वेळा फिरतं. एवढे पल्स मोजणं कुठल्याही बोर्डाला जड नाही. जीपीएसच्या स्पीडशी ताडून बघितलं तर फरक किलोमीटरभराचासुद्धा नव्हता. गाडीचा मूळ काटा मात्र पाच-सहा किलोमीटर जास्त दाखवत होता. तो मीटर चांगला होता. आजही म्हणतो, चांगला होता.

मग माझा चुलतभाऊ आला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच महिन्यात आमच्या गल्लीतून एक गाडी चोरीला गेली होती, त्यामुळे त्याचं म्हणणं घरात सगळ्यांना पटलं. त्यानं एक रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर चालणारा विजेचा स्विच, लावला. स्प्लेंडरच्या सीडीआयला, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या डबीला, वीज बॅटरीतून येत नाही, इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइलमधून येते. म्हणून तर बॅटरी काढली तरी गाडी किकवर सुरू होते. अशा गाडीत चावी बंद करणं म्हणजे सीडीआयची काळी-पांढरी वायर अर्थिंगला टेकवणं. भावानं तेच काम रिलेकडून करून घेतलं, आणि तेसुद्धा अशा जोडणीनं की रिलेची वीज गेली तर वायर आपोआप अर्थिंगला टेकणार. वीज नाही म्हणजे इंजिन बंद. बोर्ड सुरू झाला की तो वायफायवर मोबाईल शोधणार, मोबाईल सापडला तर रिले ओढून धरणार, मगच गाडी सुरू. चोरानं बोर्डाची वायर तोडली तरी गाडी हलणार नाही, हे तो फार अभिमानानं सांगायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, की चोराचा विचार केलास, चालवणाऱ्याचाही कर. तो म्हणाला, "का बे, तुला कोडिंग कळतं का माझ्याएवढं?"

२०१७ चा जानेवारी. गुरुवार होता. अप्पांना घेऊन अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेलो होतो. परत निघायला अंधार पडला. तेव्हा तो रस्ता दुपदरी होता आणि उसाचा हंगाम चालू होता. वळसंग सोडल्यावर पुढे ट्रॅक्टर लागला, मागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर. बराच वेळ मागे राहिलो. मग मोकळा रस्ता दिसला म्हणून उजवीकडे काढली. दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो आणि समोरच्या वळणावरून ट्रक निघाला. ट्रॅक्टरवाल्यानं बाजू द्यावी म्हणून हॉर्न दाबला.

इंजिन बंद. आवाज एकदम गेला.

सवयीनं क्लच दाबला, इंजिन फिरायचं थांबलं आणि हेडलाईटही गेला, कारण या गाडीत हेडलाईट इंजिनच्या कॉइलवर चालतो, बॅटरीवर नाही. मागचा लाल दिवाही तसाच. म्हणजे मी चुकीच्या बाजूला, अंधारात, समोरून ट्रक आणि मागे बसलेले अप्पा. ब्रेक लावला, ट्रॉली पुढे जाऊ दिली आणि तिच्या मागून डावीकडे गाडी खाली मातीत घातली. ट्रक शेजारून गेला तेव्हा त्याचा वारा अंगावर आला. बाभळीला हँडल घासलं, पण पडलो नाही. अप्पा काही न बोलता उतरले आणि मोबाईलचा टॉर्च मागून येणाऱ्या गाड्यांकडे धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी हातानं चाचपत रिलेकडे जाणारी ती वायर शोधली आणि दातानं तोडली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली. घरापर्यंत दोघंही गप्प होतो.

इंजिन का बंद पडलं ते दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावून शोधलं. बॅटरी तीन वर्षांची, थकलेली. बोर्डाचं अर्थिंग हँडलखालच्या रंगवलेल्या बोल्टला, हॉर्नच्या अर्थिंगबरोबर. हॉर्न दाबला की बोर्डाला मिळणारा व्होल्टेज इतका खाली जायचा, की बोर्ड रिसेट व्हायचा. रिसेट झाला की रिले सुटणार, रिले सुटला की इंजिन बंद, आणि मग बोर्ड निवांत आठ-दहा सेकंद मोबाईल शोधणार. अंगणात उभ्या गाडीवर दहा वेळा हॉर्न दाबला, सहा वेळा इंजिन बंद पडलं.

अप्पांनी सगळं बघितलं आणि एवढंच बोलले, "सूत तुटलं की माग थांबायलाच पाहिजे, नाहीतर चादर वाया जाते. गाडीचं उलटं असतंय. काय बी तुटू दे, ती चालली पाहिजे." मागाला खरंच तशी सोय असते. आडवं सूत तुटलं की काटा पडतो आणि माग जागच्या जागी उभा राहतो. थांबलेल्या मागानं कुणाचा जीव जात नाही. भावानं मागाची अक्कल गाडीला लावली होती.

भाऊ आता पुण्यात चांगल्या नोकरीला आहे, आणि आजही लग्नकार्यात भेटला की चारचौघांत सांगतो, "याच्या कॉम्प्युटरनं काकांना मारलं असतं." कारण काय, तर अर्थिंग मी जोडलं होतं. हो, मीच जोडलं होतं. रंग खरवडायला हवा होता, तो खरवडला नाही, ही माझी चूक आहे आणि मी ती अप्पांपुढे कबूल केली आहे. पण अर्थिंग आज ना उद्या प्रत्येक गाडीचं खराब होतं. बोल्ट गंजतो, सर्व्हिसिंगवाला वायर सैल ठेवतो, बॅटरी म्हातारी होते. माझ्या अर्थिंगनं फार तर मीटरवरचे आकडे गेले असते. इंजिन गेलं ते रिलेनं. हे त्याला आठ वर्षं सांगतोय, आता तुम्हाला सांगतो. बोर्डानं गाडीचं ऐकावं, गाडीला हुकूम देऊ नये. चोरीची भीती असेल तर पुढच्या चाकाला जाडजूड साखळी लावा. वाटलं तर लपवलेला जीपीएस ठेवा, पण फक्त जागा सांगणारा.

बाकीचं थोडक्यात. बोर्डाच्या दोन्ही वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून आणा, प्लसवर बॅटरीजवळच एक अँपिअरचा फ्यूज. मधे बॅटरीचा व्होल्टेज ५ वर आणणारा एलएम२५९६ चा कन्व्हर्टर, बोर्डाला जोडायच्या आधी मल्टिमीटरवर त्याचे ५ व्होल्ट लावून घ्या. कन्व्हर्टरच्या आधी, बॅटरीच्या बाजूला, जादा व्होल्टेज अडवणारा एक टीव्हीएस डायोड, कारण इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल निसटलं तर व्होल्टेज कुठल्या कुठे जातो. चावीवर चालू-बंद व्हावं म्हणून एक छोटा रिले वापरा, पण तो बोर्डाच्या विजेसाठी. इग्निशनच्या वायरींना हात लावायचा नाही. आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, हवा असेल तर प्लगच्या जाड केबलभोवती इन्सुलेशनवाल्या वायरीचे चार-पाच वेढे मारून त्यातून सिग्नल घ्या. सीडीआयकडून कॉइलला जाणाऱ्या वायरीत दोन-तीनशे व्होल्टचे झटके असतात, तिला टॅप मारलात तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

तापमानासाठी सगळे डीएस१८बी२० हा सेन्सर घ्या म्हणतील. तो १२५ अंशांपर्यंतच चालतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या हेडला, आपल्या मे महिन्यात, तो टिकत नाही. माझा महिन्यात गेला. प्लगच्या बुडाशी वॉशरसारखा बसणारा थर्मोकपल, म्हणजे जास्त उष्णता सोसणारा सेन्सर, मिळतो, तो आणि त्याचं माप बोर्डाला वाचून देणारा मॅक्स६६७५ चा मॉड्यूल घ्या, १०२४ अंशांपर्यंत मोजतो. स्क्रीन ओएलईडी घेऊ नका. दुपारी बाराला सोलापुरात सात रस्ता चौकात उभे राहा आणि काही दिसतं का बघा. जुन्या नोकिया ५११० ची काळी-पांढरी स्क्रीन उन्हावरच दिसते, जितकं ऊन कडक तितकी स्पष्ट. डबा पांढरा घ्या. बाहेर ४३ अंश असताना काळ्या डब्यात काय होतं ते सांगायला नको.

टोचायच्या जंपर वायरी आणि ब्रेडबोर्ड घरीच ठेवा, सिंगल सिलिंडरच्या थरथरीत त्या आठवड्यात सुटतात. सोल्डर करा, वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा आणि जोडापासून दोन बोटांवर वायर बांधून टाका. अप्पांचं म्हणणं, हलणारी वस्तू जोडापाशीच तुटते, आणि माझ्या दोन्ही तुटलेल्या वायरी तशाच तुटल्या होत्या. पावसाला एवढं घाबरू नका, सोलापुरात तो येऊन येऊन किती येणार. भीती वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याची. धुवायला देताना डब्यावर पिशवी बांधा.

खर्चाचं म्हणाल तर माझं सगळं दोन हजारांच्या आत झालं होतं, त्यात दोन जळलेले मॉड्यूल धरून.

आणखी दोन गोष्टी. मूळ मीटर काढू नका, केबलही सोडवू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. हँडलवर क्लॅम्पनं लावलेला डबा माझ्या समजुतीनं त्यात येत नाही, पण वायरिंग कापाकापी केलेली गाडी अपघातानंतर विम्यावाल्यापुढे न्यायची वेळ येऊ नये. दुसरं म्हणजे मी लिहिलंय ते कार्ब्युरेटरच्या गाडीबद्दल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाडीत इंजेक्शन आणि इंजिन सांभाळणारा कंपनीचा स्वतःचा कॉम्प्युटर (ईसीयू) असतो, तिथे हे उत्तर वापरू नका. तुमच्या गाडीची खात्री करायची तर बॅटरीचा फ्यूज काढून किक मारा. सुरू झाली तर ती आमच्यासारखीच.

बोर्ड मागवायच्या आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून तीन आकडे घ्या: चावी बंद असताना, इंजिन आयडलला असताना, आणि आयडललाच हॉर्न दाबून धरल्यावर. ते इथं लिहा. तिसरा आकडा ११ च्या खाली असेल तर आधी बॅटरी बदला, मग कन्व्हर्टर कुठला घ्यायचा ते मी सांगतो.