बाई, एकाग्र झालं की कागद फिरतो का?

(वाचकांच्या विज्ञानविषयक शंका आणि एका निवृत्त फिजिक्सच्या बाईंची उत्तरं)

प्रश्न : नमस्कार बाई. मी अकरावी सायन्सला आहे. यूट्यूबवर बघून कागदाच्या घड्या घातल्या, भिंगरी केली आणि खोडरबरात खोचलेल्या सुईच्या टोकावर ठेवली. दोन्ही हात तिच्याजवळ धरून एकाग्र झालो की ती फिरते. शप्पथ! पंखा बंद होता, खिडकीही बंद होती. वरून काचेची बरणी पालथी घातली की मात्र हलत नाही. मित्र म्हणतो, काच मनाची ऊर्जा अडवते. आजी म्हणते, माऊलींनी भिंत चालवली, तू त्राटक कर, जमेल. टेलिकायनेसिस, म्हणजे नुसत्या मनानं वस्तू हलवणं, खरं असतं का? सराव चालू ठेवू का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : शपथ कशाला घेतोस? भिंगरी फिरते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझीही फिरते, आणि ती फिरत असताना माझं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असतं.

आधी वजनाचा हिशेब करू. झेरॉक्सचा साधा कागद ८० जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटरला ८० ग्रॅम. पाच सेंटिमीटरचा चौकोन कापलास तर त्याचं वजन ०.२ ग्रॅम भरतं. तो टेकलाय सुईच्या टोकावर, तिथं घर्षण जवळपास नाहीच. तळहाताचं तापमान साधारण ३२-३३ अंश असतं. हाताजवळची हवा तापून वर जाते, तिच्या जागी बाजूची गार हवा येते. दोन हातांनी तू तिला वळण देतोस, घड्यांच्या तिरप्या कडा ती पकडतात, आणि ०.२ ग्रॅमला एवढी झुळूक पुष्कळ झाली. शिवाय एकाग्र झालेला माणूस श्वास लांब सोडतो. तोंडावर रुमाल बांधून बघ, फरक पडेल.

आता तुझा मित्र. हा मुलगा पुढे वकिली करणार असं दिसतंय. काच ऊर्जा अडवते हे त्याला भिंगरी थांबल्यावर सुचलं, आधी नाही. म्हणून त्याला आधीच विचार : कोणत्या वस्तूनं ही ऊर्जा अडत नाही? पुठ्ठा? माती? स्टील? वस्तूचं नाव वहीत लिहून त्याची सही घे आणि मगच झाकण घाल. पुठ्ठ्याचं खोकं घेतलंस तर एका बाजूला खिडकी कापून पारदर्शक प्लास्टिक चिकटव, म्हणजे आत दिसेल. प्लास्टिकची बरणी मात्र नको. कोरड्या हवेत ती फडक्यानं पुसली की तिच्यावर विद्युतभार येतो आणि कागद तिच्याकडे ओढला जातो, मग आपण सिद्धपुरुष झालो असं वाटायला लागतं. काचेची बरणीही उन्हात ठेवू नकोस. एक बाजू तापली की आतल्या आत हवा फिरते.

त्यापेक्षा सोपा प्रयोग सांगते. हात बाजूला घे आणि भिंगरीशेजारी कडक चहानं भरलेला स्टीलचा पेला ठेव. तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सतराचा पाढा म्हण. भिंगरी हलली तर एकाग्रतेचं श्रेय चहाला द्यावं लागेल. आणि हा उद्योग दोन ऋतूंत कर. डिसेंबरात पहाटे खोली गार असते, तेव्हा हाताच्या उबेनं भिंगरी चांगली फिरेल. एप्रिलात दुपारी खोलीच ३३-३४ अंशांवर गेली की हात आणि हवा सारखीच गरम, भिंगरी मरगळेल. मनाची शक्ती उन्हाळ्याच्या सुट्टीवर का जाते, हे मित्राला विचार.

हे सगळं करूनही बरणीखाली ती फिरलीच, तर पुढची पायरी. नाणेफेक कर : छापा आला तर भिंगरी उजवीकडे फिरवायची, काटा आला तर डावीकडे. नाणं उडवायला आणि नोंद करायला दुसरा कुणीतरी बसव, तुझा हा मित्र सोडून. वीस वेळा करायचं हे आधी ठरव आणि विसालाच थांब. नुसत्या नशिबावर दहाच्या आसपास बरोबर येतील. पंधरा किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता शेकडा दोन आहे. दोन टक्के म्हणजे फारच कमी, असं वाटलं ना? साठ मुलांच्या वर्गानं हा प्रयोग केला तर नशिबाच्या जोरावर एखाद्याचे पंधरा येण्याचीच शक्यता जास्त, आणि व्हिडिओ तोच टाकणार. बाकीच्या एकोणसाठांचा व्हिडिओ तुला कधी दिसणार नाही.

माणसं ह्यात कशी फसतात त्याचे दोन किस्से सांगते, कारण दोन्हीत तुझ्यासारखाच कागद आहे. अमेरिकेत जेम्स हायड्रिक नावाचा तरुण टीव्हीवर टेलिफोन डिरेक्टरीची पानं हात न लावता उलटायचा. १९८१ साली एका कार्यक्रमात जेम्स रँडी हा जादूगार त्याच्यासमोर आला. रँडीनं डिरेक्टरीभोवती थर्माकोलचे बारीक तुकडे पसरून ठेवले. फुंकर मारली तर पानाआधी तुकडे उडणार. जिंकल्यास दहा हजार डॉलर मिळणार होते. हायड्रिक बराच वेळ हात फिरवत उभा राहिला, पान काही हललं नाही. मग म्हणाला, दिव्यांच्या उष्णतेनं थर्माकोलवर स्थिर वीज तयार होते आणि ती माझी शक्ती अडवते. तुझा मित्र आठवला की नाही? पुढे हायड्रिकनं स्वतःच कबूल केलं की हा फुंकरीचा सराव होता, तुरुंगात केलेला.

दुसरा किस्सा आमच्या जातीचा, म्हणजे फिजिक्सवाल्यांचा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९७९ साली पाच लाख डॉलरची देणगी मिळून अशा शक्तींच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू झाली. प्रमुख होते पीटर फिलिप्स, फिजिक्सचे प्राध्यापक. त्यांनी निवडलेली दोन गुणी मुलं, स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स, रँडीनंच पाठवलेले जादूगार होते. चमच्यांना दोऱ्यानं चिठ्ठ्या बांधलेल्या असत. ही मुलं चिठ्ठ्यांची अदलाबदल करत आणि चमचा वाकल्याचं मोजमापातून 'सिद्ध' होई. आणि काचेच्या घुमटाखाली सुईवर ठेवलेली कागदी भिंगरीही होती! चांदीच्या कागदाची बारीक गोळी घुमटाच्या कडेखाली सरकवायची, फट पडली की तिथून फुंकायचं. रँडीनं मुलांना सांगून ठेवलं होतं : तुम्ही फसवता का, असं कुणी सरळ विचारलं तर लगेच हो म्हणा. तसं कुणी विचारलं नाही, असं रँडीचं म्हणणं. १९८३ साली त्यानंच पत्रकार परिषद घेऊन सगळं उघड केलं. प्राध्यापक मूर्ख नव्हते. पण प्रयोगशाळेत आम्हाला खोटं न बोलणाऱ्या वस्तूंची सवय असते. इलेक्ट्रॉन हातचलाखी करत नाही. म्हणून असला दावा तपासायला फिजिक्सच्या बाईआधी एखादा चांगला जादूगार बोलवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजींना माझा नमस्कार सांग. त्राटक, म्हणजे एका जागी टक लावून पाहणं, हठयोगप्रदीपिकेत षट्कर्मांपैकी, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांपैकी, एक म्हणून दिलंय, आणि डोळ्यांचे विकार आणि सुस्ती जाते, एवढंच तिथं त्याचं फळ सांगितलंय. कागदाचा उल्लेख नाही. पतंजलींनी तर सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे म्हणून टाकूनच दिल्यात. राहिली भिंत. ती गोष्ट मलाही लहानपणापासून प्रिय आहे. पण वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना माऊलींनी पुढे पासष्ट ओव्या दिल्या, आणि त्यांत भिंत कशी चालवावी याची एकही ओवी नाही. आजींकडे चांगदेव पासष्टी असेलच, दोघं मिळून वाचा.

तेव्हा टेलिकायनेसिसचा एकही दावा आजवर चोख तपासणीत टिकलेला नाही. प्रयोग जरूर कर, वही ठेव. सराव नको, आणि मनशक्तीच्या ऑनलाइन कोर्सला एक रुपयाही नको.

प्रश्न : आमच्या मळ्यात बोअर घ्यायची आहे. दिरांनी जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाडी आणला. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ चालता चालता एका जागी आपोआप उभा राहिला. त्याचा हात हललेला मी तरी पाहिला नाही, आणि माणूस लबाड वाटला नाही. ही मनाची शक्तीच म्हणायची ना?
– एक शेतकरी वाचक, तालुका निफाड

उत्तर : ताई, तो लबाड नसेलच. मला तर हाच प्रकार हायड्रिकपेक्षा जास्त रंजक वाटतो, कारण इथं फसवणारा आणि फसणारा एकच असू शकतो.

१८५३ साली लंडनमध्ये टेबल फिरवण्याचं वेड होतं. चारचौघं टेबलावर हात टेकून बसत आणि टेबल सरकू लागे. आपल्याकडच्या प्लँचेटच्या वाटीचं हे थोरलं भावंड. मायकेल फॅरडेनं काय केलं, तर हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, थरांमध्ये मऊ चिकट गोळ्या. टेबल आपणहून सरकलं तर खालचा थर आधी सरकणार, हातांनी ढकललं तर वरचा. वरचाच सरकला होता. मग त्यानं हाताची बारीकशी हालचालही दाखवणारा काटा बसवला, सगळ्यांना दिसेल असा. काटा समोर दिसायला लागल्यावर टेबल फिरायचंच थांबलं! बसलेली माणसं प्रामाणिक होती, आपण ढकलतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आपल्याला जे होईल असं वाटतं, तिकडे स्नायू नकळत झुकतात. विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञानं वर्षभर आधीच ह्याचं वर्णन केलं होतं.

तळहातावरचा आडवा नारळ मुळातच डळमळीत. पंजा किंचित कलला की तो उभा राहतो, आणि तेवढं कलणं तुम्हाला काय, त्यालाही जाणवत नाही. पाणाड्याला जमिनीचा अनुभव असतो. उंबर कुठं आहे, ओढा कुठून जातो, शेजारची विहीर कुठं आहे, हे डोळ्यांनी टिपलेलं हातात उतरतं. खात्री करायची तर त्यानं सांगितलेल्या जागांवर बेतानं खुणा करा, मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला त्याच मळ्यात दुसऱ्या बाजूनं फिरवा. नारळ त्याच जागी उभा राहतो का पाहा. पट्टी बांधायला तो नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

आपला काळा पाषाण सलग असला की कोरडा. पाणी राहतं ते भेगांत आणि मुरमाच्या, झिजलेल्या थरांत. असे थर पुष्कळ ठिकाणी सापडतात, त्यामुळे पाणाड्याचा अंदाज अधूनमधून खरा ठरतो आणि गावभर तोच सांगितला जातो. कोरड्या गेलेल्या बोअरला कुणी हार घालत नाही. बोअरचा दर फुटावर असतो, तेव्हा नारळावर विसंबून तीन-चारशे फूट जाण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा आणि शेजारच्या चार विहिरींची पाणीपातळी वहीत उतरवून घ्या.

प्रश्न : तुम्ही विज्ञानवाले दार लावून बसता. ज्याचं स्पष्टीकरण येत नाही ते खोटं म्हणून मोकळे होता. संशोधनच केलं नाही तर सापडणार कसं?
– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर : काका, दार सताड उघडं होतं, आणि बराच काळ. ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३० च्या दशकात मनानं फासे हवे तसे पाडण्याचे प्रयोग सुरू केले. फाशावरची टिंबं कोरलेली असली की सहाची बाजू इतरांपेक्षा हलकी होते आणि सहा थोडे जास्त पडतात, असल्या साध्या गोष्टींनीच पुढे टीकाकारांना काम पुरवलं. प्रिन्स्टनला रॉबर्ट जान यांची प्रयोगशाळा १९७९ ते २००७ चालली. यंत्रातून यादृच्छिक आकडे निघत आणि समोर बसलेला माणूस मनानं ते वर-खाली करू पाही. लाखो प्रयत्नांनंतर त्यांना मिळालेला फरक दहा हजारांत काहीच्या घरातला होता. तोच प्रयोग प्रिन्स्टन आणि जर्मनीतल्या दोन प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, निकाल २००० साली छापले. मूळ परिणाम काही परत दिसला नाही. एवढी वर्षं एखाद्या परिणामाच्या मागे लागावं आणि तो मोठा होण्याऐवजी विरघळत जावा, याचा अर्थ तुम्हीही लावू शकाल.

अशी शक्ती सिद्ध करणाऱ्याला बक्षिसंही लावून झाली. अब्राहम कोवूर यांचं श्रीलंकेत एक लाखाचं आव्हान होतं. रँडीचं १९६४ मध्ये एक हजार डॉलरपासून सुरू होऊन दहा लाखांवर गेलं आणि २०१५ साली बंद झालं, पैसे कुणालाच मिळाले नाहीत. आपल्याकडे डॉ. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं २१ लाखांचं आव्हान दिलं, तेही कुणी जिंकलं नाही. मनानं चमचा वाकवणाऱ्याला २१ लाख नको असतात, हे मात्र मला खरंच गूढ वाटतं.

चमच्यावरून आठवलं. एका वाचकानं पत्राऐवजी वाकलेला चमचा पाठवलाय, सोबत चिठ्ठी : 'हा मी नजरेनं वाकवला.' मनानं चमचे वाकवण्याचा दावा करणाऱ्या युरी गेलरचंही असंच होतं. १९७३ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात साहित्य आधी हाताळायला मिळालं नाही, तेव्हा वीसेक मिनिटांत काही वाकलं नाही. चमच्याची मान आधी दोन्ही बाजूंना वाकवून थकवून ठेवलेली असली तर तो नुसत्या बोटाच्या स्पर्शानं लवतो. वाचकमहाशय, आता सरळ चमचा घेऊन या. चमचा माझ्या घरातला वापरू, चहाही मीच करते.