नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला निघालीस, मग तीन वर्षांचा विमा इथून कशाला?

प्रश्न : ताई, मी मिरजेची. बारावी सायन्स झालं, जर्मनची बी-वन परीक्षा पास झाले, आता जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातल्या एका नगरपालिकेच्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या आउसबिल्डुंगचं काँट्रॅक्ट मिळतंय. एजंट म्हणतो की तीन वर्षांचा मेडिक्लेम इथूनच काढा, ८५ हजार भरा, नाहीतर व्हिसा होणार नाही. मला लहानपणापासून दमा आहे, तिकडे विमा नाकारतील का? आणि बाबांना शुगर आहे, त्यांना माझ्या विम्यात घेता येईल का?

उत्तर : आधी ते ८५ हजार थांबव. पैसे दिले नसतील तर देऊ नकोस, बाकीचं निवांत वाच.

आउसबिल्डुंग म्हणजे पगारी शिक्षण, आणि पगार सुरू झाला की जर्मनीत सरकारी आरोग्य विमा कायद्यानेच लागू होतो, पगार कितीही असो. तू फक्त क्रांकनकासं, म्हणजे हा विमा चालवणारी संस्था, निवडायची (आओका, टेका, बार्मर अशा बऱ्याच आहेत) आणि हॉस्पिटलच्या ऑफिसला कळवायचं, पुढची नोंदणी तेच करतात. हप्ता पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा जादा, जो प्रत्येक कासंचा वेगळा असतो, पण त्यातला अर्धा हॉस्पिटल भरतं. नगरपालिकेच्या हॉस्पिटलांच्या वेतन करारात एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या वर्षाला महिना साधारण १,४१५ युरो होते, पगारातून आरोग्य, पेन्शन, बेकारी, शुश्रूषा असं सगळं मिळून एकविसेक टक्के कापलं जातं. पहिली पगार स्लिप हातात आली की मुली घाबरतात, एवढे तीनशे युरो गेले कुठे म्हणून, पण त्यातच तुझा विमा असतो गं.

मग इथून काय काढायचं? विमानात बसल्यापासून काँट्रॅक्टच्या पहिल्या तारखेपर्यंतचा प्रवास विमा, बस. व्हिसाला मधल्या दिवसांचं कव्हर दाखवावं लागतं, तेवढंच. मात्र असल्या प्रवास विम्यात जुना आजार सहसा धरत नाहीत, म्हणून दम्याचे पंप दोन-तीन महिन्यांचे, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हँडबॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नको.

दम्यामुळे सरकारी कासं तुला नाकारू शकत नाही, आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून कव्हर असतो. औषधाला दर वेळी ५ ते १० युरो आपले जातात, हॉस्पिटलात राहावं लागलं तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. पण या कामासाठी तब्येत योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो, तिथे दमा लपवू नकोस, औषधाने आटोक्यात आहे हे नीट लिहून घे. आणि एक, पहिल्या चार आठवड्यांत आजारी पडलीस तर पगार देणं हॉस्पिटलला कायद्याने बंधनकारक नसतं, तो मिळाला नाही तर कासंकडून आजारपणाचा भत्ता मागायचा, त्यानंतर मात्र सहा आठवड्यांपर्यंत हॉस्पिटलच पगार देतं.

बाबांचं मात्र होत नाही. त्या विम्यात जर्मनीत राहणारा नवरा किंवा बायको आणि मुलं येतात, आईवडील येत नाहीत. त्यांचा मेडिक्लेम इथेच चालू ठेव, एकदाही खंड पडू देऊ नकोस.

आता पात्रतेचं, कारण अडतं ते इथेच. बारावीचं सर्टिफिकेट जर्मनीच्या शाळेच्या बरोबरीचं आहे हे तिथल्या राज्याचं ऑफिस ठरवतं, बाडेन-वुर्टेम्बर्गसाठी ते स्टुटगार्टला आहे, त्यांचं पत्र हातात आल्याशिवाय नोकरी सोडू नकोस की कर्ज काढू नकोस. बी-वनवर काहीजण घेतात, पण बरीच हॉस्पिटलं बी-टू, म्हणजे भाषेची पुढची पातळी, मागतात, तेव्हा काँट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय ते वाच. आणि गोवरच्या लसीचे दोन डोस झाल्याचा पुरावा! १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तिथल्या हॉस्पिटलात काम करायला तो लागतो, २०२० पासून कायदाच आहे. लहानपणीचं लसीकरण कार्ड सापडत नसेल तर रक्ततपासणी करून प्रतिकारशक्ती दाखवता येते, किंवा डोस पुन्हा घे, पण दोन डोसांमध्ये निदान चार आठवडे जातात, म्हणून याच आठवड्यात आईला कपाट उघडायला लाव.

एजंटकडून फक्त एक गोष्ट लेखी माग : हे ८५ हजार कोणत्या कंपनीच्या कोणत्या पॉलिसीचे, आणि पगार सुरू झाल्यावर ती पॉलिसी कशासाठी. उत्तर आलं की मला कळव.