भौतिकवादाला द्वंद्ववाद कशाला हवा?

प्रश्न : सर, मी एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलंय. माणसाचे विचार पोटापाण्यावरून ठरतात, हा भौतिकवाद समजतो. मग मार्क्सने त्याला जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचा द्वंद्ववाद कशाला जोडला? नोट्समध्ये 'वाद, प्रतिवाद, संवाद' एवढंच आहे. आणि वाचायला सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : 'वाद, प्रतिवाद, संवाद' म्हणजे एक मत, त्याला विरोध आणि शेवटी दोन्हींचा मेळ. तीन चौकटी आणि दोन बाण, ही त्याची आकृती पेपर तपासताना पाहून पाहून मी कंटाळलो होतो. मार्क्सने १८४७ मध्ये फ्रेंच समाजवादी प्रूदाँची भरपूर टर उडवली, ती याच साच्यावरून!

परिस्थिती माणसाला घडवते एवढंच म्हटलं, तर परिस्थिती बदलणार कोण? एक तर हातावर हात धरून बसा, नाहीतर वरून कुणी शहाणा येईल म्हणून वाट बघा. नुसता भौतिकवाद इथे अडतो. मार्क्सने फॉयरबाख या जर्मन भौतिकवादी तत्त्वज्ञावरच्या टिपणांत (१८४५) हेच दाखवलं.

आता इंग्लंडच्या कापडगिरण्या बघा. मालकाने मजुराचा दिवस विकत घेतलाय, तेव्हा तो पुरेपूर वापरायचा त्याला हक्क. मजुराला आपली श्रमशक्ती उद्याही विकायची आहे, म्हणून ती जपायचा त्यालाही हक्क. बाजाराच्या न्यायाने दोघंही बरोबर. भांडण बाहेरून कुणी लावलेलं नाही, सौद्यातच आहे. अशा आतल्या विरोधातून बदल कसा घडतो, हे बघणं म्हणजे द्वंद्ववाद. मार्क्स म्हणतो, अशा वेळी निकाल ताकद लावते.

१८४७ च्या कायद्याने बायका आणि अठरा वर्षांखालची मुलं यांना दहा तासांची मर्यादा मिळाली. मालकांनी लगेच शक्कल काढली : पहाटे साडेपाच ते रात्री साडेआठ या वेळात ते दहा तास तुकड्या-तुकड्यांनी विखरायचे. कोण किती राबलं, हे लेनर्ड हॉर्नरसारख्या खमक्या फॅक्टरी इन्स्पेक्टरलाही ताडता येईना. १८५० मध्ये नवा कायदा करून ती पळवाट बरीचशी बुजवावी लागली.

दिवस ताणता येईना, तेव्हा मालकांनी यंत्रांचा वेग वाढवला आणि तासाभरात जास्त काम पिळून घेतलं. प्रेस्टनच्या रॉबर्ट गार्डनरने १८४४ मध्येच आपल्या गिरण्यांत बाराचे अकरा तास करून पाहिले होते. वर्षभराने हिशेब केला तर माल तेवढाच, मजुरीही तेवढीच. बाराव्या तासाचा घाम उरलेल्या अकरात निघाला होता. म्हणजे मजुरांनी झगडून मिळवलेल्या कायद्याने भांडवलाला वेगवान यंत्राकडे ढकललं आणि त्या वेगातून नवं भांडण उभं राहिलं. यात 'संवाद' कुठे बसवणार, सांगा!

कायदा हा निव्वळ मालकांचा डाव किंवा निव्वळ सरकारची कृपा, असं म्हणून इथे भागत नाही. कोणी काय जिंकलं आणि त्या जिंकण्यानेच पुढचा पेच कसा पडला, हे एका दमात बघावं लागतं. द्वंद्ववाद लागतो तो यासाठी. स्टालिनने १९३८ मध्ये त्याची पाठ करण्याजोगी कलमं केली आणि जगभरच्या अभ्यासवर्गांनी ती घोकली. तुमच्या नोट्स त्याच वळणाच्या दिसतात.

वाचायचं तर मार्क्सच्या 'भांडवल'चा पहिला खंड घ्या. इंग्रजी आवृत्तीतलं दहावं प्रकरण आधी, मग पंधरावं. दोन्ही लांबलचक आहेत, पण इन्स्पेक्टरांच्या अहवालांमुळे कंटाळा येत नाही. हेगेल परीक्षा झाल्यावर.