पहिल्यांदाच टॉय ट्रेनने जाताय? मग एवढं बघा

सुरुवात नेरळ-माथेरानपासूनच करा. कालका-शिमला ९६ किलोमीटरची, पाच-सहा तास लागतात. पहिल्याच वेळी ते जड जाईल. माथेरानचं अंतर जेमतेम २१ किलोमीटर, पण वळणं एवढी की गाडी दोन-अडीच तास रेंगाळतेच. रेंगाळू द्या. घाई असणाऱ्यांसाठी दस्तुरीपर्यंत, म्हणजे माथेरानच्या वेशीवर मोटारी थांबतात तिथवर, टॅक्सी आहे.

नवखे हमखास चुकतात ते असं:

- पावसाळ्यात येतात. जून ते ऑक्टोबरच्या सुमारास नेरळहून गाडी सहसा बंद असते. दरडी आणि रूळ वाहून जाण्याची भीती. तेव्हा दस्तुरीजवळचं अमन लॉज स्टेशन ते माथेरान एवढीच शटल चालते.
- गाडीच्या वेळेला नेरळला पोचतात. डबे छोटे, जागा मोजक्या. तिकिटाच्या रांगेत लवकर उभे राहा. सुट्टीच्या दिवशी तर जाऊच नका, निदान पहिल्यांदा.
- मोठ्या बॅगा आणतात. दोन फुटी रुळांवरच्या डब्यात त्या ठेवणार कुठे? माथेरानात मोटारी नाहीत, त्यामुळे पुढचं ओझंही तुमच्याच पाठीवर.

परतीला गाडी मिळाली नाही तर काय, हे आधीच ठरवा. माझी एकदा चुकली, दस्तुरीपर्यंत चालत आलो. खरं सांगायचं तर लाल मातीतली ती चाल मला गाडीइतकीच आवडली.

इंजिनांचे प्रकार, लाइनचा १९०७ पासूनचा इतिहास हे नंतर. आणि हो, उटीची गाडी नॅरोगेज (दोन-अडीच फुटी रुळांची) नाही, मीटरगेज (एक मीटर रुंद रुळांची) आहे. यावरून वाद घालणारे भरपूर भेटतील.

नेरळनंतरचं जुम्मापट्टी स्टेशन गेलं की मोबाइल खिशात टाका.