अर्धा एकर विकू की आधी जर्मन शिकवू?

पिंपळगाव बसवंतहून एका जिल्हा परिषद शिक्षिकेचे पत्र आले आहे. थोडक्यात मजकूर असा:

"माझे वय ५२. पगार हातात ८२ हजार. १९९८ला लागले, त्यामुळे जुनी पेन्शन आहे. मिस्टर शेती बघतात, दोन एकर थॉमसन द्राक्षे. मोठी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर, सातपूरला एका कारखान्यात २४ हजारांवर आहे. तिला एमएससाठी जर्मनीला जायचे आहे. सध्या जर्मनची ए-वन ही पहिली पायरी झाली. धाकटा अकरावीत. एफडी ९ लाख, जीपीएफ ११ लाख, आडगावला माझ्या नावावर १,२०० चौरस फुटांचा एनए (बिगरशेती) प्लॉट. सोसायटीचे पीककर्ज २ लाख ४० हजार. नाशिकमधला एक कन्सल्टंट १ लाख ९० हजारांत 'प्रवेशाची हमी, शिवाय चार महिन्यांत बी-वन, म्हणजे तिसरी पायरी' असे पॅकेज सांगतो. त्यासाठी नोकरी सोडावी लागेल म्हणतो. मिस्टर म्हणतात, हायवेकडचे वीस गुंठे काढून टाकू, पोरीचे कल्याण होईल. बँक म्हणते शेतजमिनीवर कर्ज नाही. काय करावे?"

ताई, तुमच्या पाकिटात सातबाऱ्याची झेरॉक्सही होती. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा स्पष्ट दिसतोय. म्हणजे वीस गुंठे विकायचे म्हटले तरी आधी बोजा उतरवणे, मग गिऱ्हाईक. आणि व्हिसाची तारीख जवळ आल्यावर विकायला निघालात तर ते समोरच्याला पहिल्या चहातच कळते. गरजवंताच्या जमिनीला भाव कसा मिळतो हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे जमिनीचा विषय इथेच संपवतो: नाही.

बँकेचे म्हणणे मात्र बरोबर आहे. सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, ती बँकेला झटपट जप्त करता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला ती तारण म्हणून सहसा घेत नाहीत. पण तुमचा आडगावचा प्लॉट एनए आहे, तो चालेल. बँकेत जाऊन शेती दाखवत बसलात आणि प्लॉटचा विषयच निघाला नाही, असे झालेले दिसते.

आता खर्च. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरे आहे. सेमिस्टरला साधारण १०० ते ४०० युरोंचे एक शुल्क असते, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पासही येतो. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेते, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. पण "जर्मनीत शिक्षण फुकट" हे ऐकून घरचे निवांत होतात आणि इथेच घोडे पेंड खाते. शिक्षण फुकट असेल, राहणे नाही.

व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याजेवणाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात. त्यातून तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. मी युरो १०५ रुपये धरतो. म्हणजे पहिल्याच फटक्यात साडेबारा लाख. त्याआधी एपीएस प्रमाणपत्राचे (भारतीय पदवी तपासल्याचा दाखला) १८ हजार, यूनि-असिस्ट या अर्जांच्या पोर्टलमार्फत अर्ज केला तर पहिल्याचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३०, व्हिसाचे ७५ युरो, तिकीट, थंडीचे कपडे, खोलीचे डिपॉझिट. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागू शकतात. हे सगळे मिळून अडीच लाख धरा. महिन्याच्या ९९२मधून आरोग्य विम्याचेच दीडशे युरोंच्या आसपास जातात. शिवाय प्रत्येक घराला टीव्ही-रेडिओचे महिन्याला १८ युरो ३६ सेंट, घरात टीव्ही नसला तरी!

दुसऱ्या वर्षी ती काम करेल. परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि किमान वेतन २०२६पासून ताशी १३ युरो ९० सेंट आहे. कागदावर हे फार छान दिसते. मी पहिल्या सहा महिन्यांची कमाई शून्य धरतो आणि दुसऱ्या वर्षाचा अर्धा खर्च घरून, म्हणजे सव्वासहा लाख.

इथपर्यंत सगळेच मोजतात. कन्सल्टंटही मोजून देतो. मला काळजी आहे ती पदवीनंतरच्या महिन्यांची. जर्मनी पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहू देते. राहू देते, जेवू घालत नाही. एकेक रिकामा महिना म्हणजे ९९२ युरो, आपले लाखभर रुपये. माझा सख्खा भाचा तिथे इंग्रजी माध्यमातून एमएस झाला, गुण उत्तम, जर्मन मात्र "आलं का, हो, ठीक" एवढीच. अकरा महिने घरी बसला. माझी बहीण दर महिन्याला पैसे पाठवायची आणि दर महिन्याला मला फोन करायची, "अरे, आता कितवा महिना?" मोठ्या शहरांतल्या सॉफ्टवेअर कंपन्या इंग्रजीवर घेतात. पण तुमची मुलगी मेकॅनिकलची आहे. तिला शॉपफ्लोरवर फोरमनशी बोलायचे आहे, ड्रॉइंगवरच्या सूचना वाचायच्या आहेत. तिची नोकरी बऱ्याच अंशी भाषेवर ठरणार.

म्हणून हिशेब असा मांडा. इथे बी-टूपर्यंत, म्हणजे बी-वनच्या पुढच्या पायरीपर्यंत शिकायला, परीक्षांसकट, तुमच्या पत्रातले क्लासचे दर धरून सव्वा ते दीड लाख. तिथले सहा रिकामे महिने म्हणजे सव्वासहा लाख. दीड लाखाने सव्वासहा लाख वाचतीलच अशी हमी मी देणार नाही, हमी द्यायला मी कन्सल्टंट नाही. पण या सगळ्या खर्चात मुलगी गेली नाही तरी वाया न जाणारा हा एकच. जर्मन येणारा मेकॅनिकल इंजिनीअर सातपूर-अंबडलाही रिकामा बसत नाही.

आता ते चार महिने. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपले पुण्याचे माक्समुलर भवन, स्वतःच सांगते की बी-वनला ४५ मिनिटांचे किमान ३५० तास लागतात, बी-टूला ६०० ते ८००. साडेतीनशे तास म्हणजे घड्याळी २६२ तास. चार महिन्यांत बसवायचे तर आठवड्याला पंधरा तास नुसते वर्गात, घरचा अभ्यास वेगळा. आणि हा किमान आकडा आहे. तिची ए-वन झालेली आहे म्हणून थोडे कमी पडेल, हे मान्य. तरी एवढ्या घाईत परीक्षा कदाचित निघेल, बोलणे नाही निघणार. आणि बोलण्यासाठीच तर आपण पैसे घालतोय.

"प्रवेशाची हमी" हे शब्द ऐकले की पर्स बंद करायची. सरकारी विद्यापीठात हमी कोणी देऊ शकत नाही. हमी मिळते ती बहुधा खासगी विद्यापीठाची, तिथे फी जबर असते आणि कन्सल्टंटला कमिशन तिकडूनच येते. अर्ज मुलीला स्वतः भरता येतात. ज्या मुलीने इंजिनीअरिंगची चार वर्षे विद्यापीठाची पोर्टले सोसली, तिला हे अवघड नाही.

तुम्ही लिहिले आहे की ती पिंपळगाव-नाशिक एसटीत कानाला हेडफोन लावून पाठांतर करते आणि शेजारची बाई तिच्याकडे बघत राहते. करू द्या. मराठी माणसाला या भाषेत एक आयता फायदा आहे, तो क्लासवाले सांगत नाहीत. इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोरांना डेर, डी, डास ऐकून घाम फुटतो. आपल्याकडे तो, ती, ते जन्मापासून आहे. अर्थात लिंगे जुळत नाहीत. त्यांच्याकडे टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी, पण आपणही "पोरगं" म्हणतोच की. उपवाक्यात क्रियापद शेवटी टाकायचे, हेही आपल्याला परके नाही. तिला सांगा, इंग्रजीतून जर्मन शिकू नकोस, डोक्यात मराठी ठेव. (हा सल्ला फुकट, आर्थिक नाही.)

नोकरी सोडायची का? आत्ता नाही. आठ महिने घरी बसली तर पगाराचेच जवळपास दोन लाख गेले आणि अनुभवात खंड पडला तो वेगळा. सकाळची किंवा संध्याकाळची ऑनलाइन बॅच घ्यावी, शक्य असेल तर क्लासजवळ खोली घेऊन रोजचे दोन तास वाचवावेत. बी-टूच्या परीक्षेआधीचे शेवटचे तीन महिने मात्र सोडली तरी मी आड येणार नाही. म्हणजे यंदाच्या ऑक्टोबरचा नाद सोडा, पुढच्या ऑक्टोबरचे विंटर सेमिस्टर धरा. बऱ्याच विद्यापीठांची मुदत १५ जुलै असते, काहींची त्याच्या कितीतरी आधी, आणि एपीएसलाही वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज दिवाळीच्या आसपास टाका.

पैसे कुठून आणायचे? ब्लॉक्ड अकाउंटसाठी १२ लाखांचे शैक्षणिक कर्ज, आडगावचा प्लॉट तारण ठेवून. विकून नव्हे. साडेसात लाखांच्या वर बँका बहुधा तारण मागतातच. आकडा १२ लाखच का, ते सांगतो. पुढच्या वर्षी ती गेली, दोन वर्षे शिक्षण, वर वर्षभर हप्त्याची सवलत, म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही ५६ वर्षांच्या. दोन वर्षांनी तुमची निवृत्ती. हप्ता तिने भरायचा आहे, पण सहकर्जदार तुम्ही आहात. तेव्हा तिला नोकरी लागली नाही तर तुमच्या पेन्शनला झेपेल एवढेच कर्ज. १० टक्के व्याजाने, १० वर्षांसाठी, १२ लाखांचा हप्ता १५,९०० रुपयांच्या आसपास बसतो. सवलतीच्या तीन वर्षांत व्याज भरलेच नाही तर साधे व्याजच ३ लाख ६० हजार साचते आणि हप्ता साडेवीस हजारांवर जातो. म्हणून महिन्याचे १० हजार व्याज तुम्ही पगारातून भरत चला. आयकरात या व्याजाची वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तुम्ही नवीन घेतली असेल तर तो मुद्दा सोडून द्या, त्यासाठी प्रणाली बदलण्याइतका तो मोठा नाही.

बँकेत गेल्यावर एक गोष्ट लेखी विचारा: फी शून्य असताना ब्लॉक्ड अकाउंटसाठी रक्कम देता का, आणि एकरकमी देता का. काही शाखांत फीची पावती नाही म्हणून फाइल पुढेच सरकत नाही. बऱ्याच सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात, तीही विचारा. कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, लागत नाही. स्वतःच्या पैशांतून वर्षाला १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर लागतो, तो रिटर्नमध्ये परत मिळतो पण तोवर अडकतो.

बाकीचे: एफडीतले ५ लाख, उरलेले ४ घरासाठी तसेच ठेवा. तुम्ही महिन्याला २० हजार वाचवता असे लिहिले आहे, तिथून व्याज वजा जाता जे उरेल ते. मुलीने या १४ महिन्यांत १५ हजारांप्रमाणे टाकले तर २ लाख १० हजार तिचे स्वतःचे. यातूनच तिचा क्लास भागवा, ती तो गंभीरपणे घेईल. द्राक्षाचे पैसे मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि ब्लॉक्ड अकाउंट त्यानंतर भरायचे असते, वेळ जुळते. पण मी त्यातला रुपयाही हिशेबात धरलेला नाही. फेब्रुवारीत एक गारपीट झाली की काय होते हे मिस्टरांना माहीत आहे. माल चांगला गेला तर आधी सोसायटी भरून बोजा उतरवा.

जीपीएफला हात लावू नका. पदवीनंतर खरेच रिकामे महिने आले तर उच्च शिक्षणासाठीचा ना-परतावा अग्रिम तेव्हा बघू, आणि तोही धाकट्याचा विचार करून. तुमच्या सहा पानी पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे. तो पुढच्या वर्षी बारावीला असेल आणि आडगावचा प्लॉट तोवर बँकेकडे. त्याला हे आत्ताच, चौघांनी बसून सांगा. प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार आहेत, त्यात विद्यापीठाचा जागतिक क्रमांक बघतात, तेव्हा विद्यापीठे निवडण्याआधी ती यादी बघा.

आणि एक खूण ठरवून ठेवा. मार्चपर्यंत बी-वन उत्तम गुणांनी निघाली तर कर्जाची फाइल पुढे. नाही निघाली तर आणखी सहा महिने, पैसे जागच्या जागी, भांडण नाही.

परीक्षेला पुण्याला जावे लागेल. रात्रीच्या गाडीने निघून पहाटे पोचून पेपरला बसणे करू नका. पोरीला आदल्या दिवशी दुपारीच पाठवा, चाकणच्या कोंडीचा भरवसा नाही.