वर्गात मुलांनी स्वतःहून वाचावं म्हणून काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की पाचवीला रोज वीस मिनिटं वाचनासाठी ठेवलीत, पण मुलं पानं चाळतात नि सुट्टीची वाट बघतात. वाचून झाल्यावर त्यांना काय विचारता? सारांश? बोध? मग ती वीस मिनिटं त्यांच्या लेखी परीक्षाच. मीही कित्येक वर्षं हेच करत होतो.

मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या शाळेवर आहे. आमच्याकडची पुस्तकं कपाटात कुलूपबंद असायची. एखादं हरवलं तर साठा नोंदवहीत काय दाखवायचं, ही भीती! त्यात इथला पाऊस. श्रावणात कपाट उघडलं तर बुरशीचा भपकारा आणि अर्ध्या पुस्तकांना कसर. मुलांनी फाडली असती तर निदान वाचली तरी असती. मग खिडक्यांपासून लांब, आतल्या भिंतीला सुतळी बांधली, कपड्यांचे चिमटे आणले नि पुस्तकं टांगली. चित्र समोर दिसतं, हात आपोआप जातो.

निवड मुलांची. आवडलं नाही तर चार पानांवर सोडायची मुभा. आणि त्या वेळात मी स्वतः वाचतो. वह्या तपासत बसलो की मुलं बरोबर ओळखतात.

एक मुलगा पुस्तकाला हातच लावेना. वडील ट्रॉलरवर. एके दिवशी दिसलं, भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान उलटून तो मागचा मजकूर बोट ठेवून वाचतोय. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या वर्षांची कॅलेंडरंच सुतळीवर लावली. महिन्याभराने तो एक पुस्तक घेऊन आला, "सर, ह्या घराक व्हरू?"

पुस्तकं कमी असतील तर बालभारतीचं 'किशोर' बघा. १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आम्ही गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनाही सांगतो, येताना मुलांसाठी एखादं पुस्तक घेऊन या. काही जण जुनी गाईडं आणतात, असो.

त्या मुलाने नेलेलं पुस्तक जुलैत परत आलं. मासेमारी बंद, वडील घरी. पानं फुगलेली, सुक्या बांगड्याचा वास. म्हणाला, बाबांनीपण वाचलं. नोंदवहीत 'भिजले' एवढंच लिहिलं नि पुस्तक पुन्हा चिमट्याला लावलं.