इनटेक, डाउनपाइप, इंटरकूलर बसवले. आता इंजिन ट्यून करावंच लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसला तिन्ही पार्ट (हवा आत घेणारा इनटेक, टर्बोतून धूर बाहेर नेणारा डाउनपाइप आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर) बसवून महिना झाला, आवाज भारी येतो पण पिकअप होता तेवढाच आहे, मधूनच इंजिनचा दिवा लागतो आणि पार्ट बसवणारा म्हणतो, "ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आपोआप जुळवून घेईल."

ट्यूनिंग करावंच लागेल. आणि ते होईपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, ही माझी मनापासून विनंती आहे.

मी हे एवढ्या जोरात का सांगतोय? कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं इंजिनांचंच काम आहे, तरीही सात वर्षांपूर्वी मी स्वतःच्या टर्बो हॅचबॅकचं इंजिन घालवलंय. इनटेक आणि डाउनपाइप बसवला आणि एकाने लॅपटॉपवरून वीस मिनिटांत तयार मॅप (ईसीयूमधले पेट्रोल, ठिणगी, बूस्टचे तक्ते) टाकून दिला. गाडी पळाली बघा, अशी की पन्हाळ्याला कामाशिवाय दोनदा जाऊन आलो. मग मे महिन्यात भर दुपारी, घरची चार माणसं घेऊन आंबा घाट चढताना बारीक टिकटिक ऐकू आली. डब्यात खडे हलवावेत तशी. मी एसी बंद केला आणि तसाच वर गेलो. आठवड्याभरात गाडी तेल प्यायला लागली. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघितलं तर बाकीचे तीन सिलिंडर 160 पीएसआयच्या आसपास आणि तीन नंबरचा फक्त 70. हेड उघडून पिस्टन बाहेर काढला, तर दोन रिंगांमधला कठडा तुटलेला, बोट लावलं की तुकडा हातात. त्याच सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या भागावर भिंगातून बारीक चकचकीत ठिपके दिसत होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. तो मॅप ज्या पेट्रोलवर आणि ज्या थंड हवेत बनवला होता, ते दोन्ही माझ्याकडे नव्हतं.

आता "आपोआप जुळवून घेतो" याबद्दल. हे अर्धंच खरं आहे. शांत चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल थोडं कमी-जास्त करतो. साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा लागते, ई20 ला (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साधारण 13.5. एवढा फरक तो सांभाळतो. पण पूर्ण बूस्टवर (टर्बोने हवेला दिलेला दाब) तो दाब किती, ठिणगी किती आधी, मिश्रणात पेट्रोल किती जास्त, हे सगळं तो कारखान्याच्या तक्त्यातून घेतो. आणि तुमची गाडी टॉर्कच्या हिशेबाने चालते. कारखान्याने ठरवलेला 350 एनएम टॉर्क भरला की ईसीयू बूस्ट मागे घेतो, मग पुढे कितीही मोठा इंटरकूलर लावा. पिकअप वाढला नाही तो त्यामुळे. दिव्याचं म्हणाल तर आधी कोड वाचून घ्या. डाउनपाइपमध्ये कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसेल तर बहुतेक पी0420, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड, निघेल.

कॅट काढला असेल तर परत बसवा, जास्त हवा सोडणारा चालेल. मागून निघणारा धूर आपलीच पोरं हुंगतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 182ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. विम्याचा क्लेम अडकला तर ते आणखी महागात पडतं.

ट्यूनरकडे जाण्याआधी गाडी निरोगी करा. कॉम्प्रेशन तपासा, धूर सोडून हवेची गळती शोधा (नवीन इंटरकूलरचे क्लॅम्प नीट बसलेले नसणं हे नेहमीचं दुखणं आहे), प्लग नवीन घाला, एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे), ठिणगीची गॅप थोडी कमी. ताजं तेल भरा. गळक्या गाडीवर मॅप केला तर तो त्या गळतीसकट होतो.

पेट्रोल तर सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या भागात ऊस आणि डिस्टिलऱ्या आहेत, इथेनॉलबद्दल मला आकस नाही. त्याचा ऑक्टेन चांगला असतो. पण पेट्रोलपेक्षा लिटरमागे ऊर्जा कमी असल्याने ते जास्त सोडावं लागतं, म्हणजे पंप आणि इंजेक्टरवर ताण येतो. म्हणून रोज जे भरता तेच टाकीत घालून ट्यूनिंगला जा. 100 ऑक्टेनवर मॅप करून घेऊन परत येताना साधं भरलं, तर माझं झालं तेच होईल.

दुसऱ्यांदा मी गाडी पुण्याला डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र) नेली. 230 किलोमीटर गेलो, अख्खा दिवस मोडला, पण माणूस कसा काम करतो ते समोर बसून बघता आलं. त्याने आधी जुन्या मॅपवर तीन रन घेतले, मग थोडं बदलून पुन्हा रन, दोन रनमध्ये पंखा लावून इंजिन थंड होऊ दिलं. पडद्यावर त्याची नजर एचपीच्या आकड्यावर नव्हती, प्रत्येक सिलिंडरची ठिणगी नॉकमुळे (पेट्रोल अवेळी पेटून होणारी तीच टिकटिक) किती मागे ओढली जातेय त्यावर होती. असा माणूस शोधा. आधीचा आणि नंतरचा दोन्ही ग्राफ मागा आणि लॉगची फाइल घरी घेऊन या. "किती एचपी पाहिजे?" हा ज्याचा पहिला प्रश्न असेल, त्याच्याकडून परत या. डायनोचा आकडा चाकावरचा असतो, तो कंपनीच्या 230 पीएसशी थेट जुळवू नका.

डीएसजीचंही, म्हणजे तुमच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंही, बघा. सहा गिअरच्या या बॉक्सला मुळातच 350 एनएम जवळपास काठोकाठ आहेत. टॉर्क वाढवणार असाल तर गिअरबॉक्सचाही मॅप करावा लागेल, नाहीतर क्लच घसरेल. मी तर म्हणेन 3000 आरपीएमच्या खाली टॉर्क जास्त वाढवूच देऊ नका. घाटात मॅन्युअल मोडवर सहाव्या गिअरमध्ये 1500 वर पाय दाबण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात तिथेच ठिणगीआधी पेट घेण्याचा धोका असतो आणि एका धक्क्यात पिस्टन जातो.

उद्या सकाळी इंजिन थंड असताना चारही प्लग काढा, सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवून उजेडात फोटो घ्या आणि कोडसकट इथे टाका. ठिपके दिसले तर गाडी सुरूही करू नका, ट्रेलरवर घालून न्या.